न चाखलेलं कालवण

चार वर्षं मी मासे खाल्ले नाहीत आणि चार वर्षं घरात कोणालाही त्याचं खरं कारण सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ते एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडून काढून घेतलं, तेही पडद्यापलीकडे कंपाउंडर कान देऊन बसलेला असताना.

कारण साधं होतं. आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला तेव्हा हॉस्पिटलच्या पॅसेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी गावच्या देवाला सांगितलं, ह्यांना धडधाकट घरी आण, मी वशाट सोडते. वशाट म्हणजे आमच्या रत्नागिरीकडे मासे, मटण, अंडी, सगळंच. अंडी वगळावीत का, असा विचार क्षणभर मनात येऊन गेला होता, पण अशा वेळी देवाशी घासाघीस करणं बरं दिसत नाही. आठव्या दिवशी दोन स्टेंट घालून हे घरी आले आणि सोफ्यावर टेकल्या टेकल्या विचारते झाले, "बाजारात काय आलंय सध्या?"

त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं आणि मासे आठवड्यातून दोनदा चालतील असं सांगितलं होतं. ह्यांना त्यातलं 'चालतील' एवढंच ऐकू आलं. त्यामुळे मी मासे सोडले आणि आमच्या घरात मासे पूर्वीपेक्षा जास्त शिजायला लागले.

बोललेला नवस कोणाला सांगितला की त्याचं फळ जातं, हे मला लहानपणापासून माहीत. म्हणून मी ह्यांना सांगितलं, की मला आता वासानेच मळमळतं. मी लालबागच्या चाळीत वाढलेली, मांदेलीचं डोकंही न टाकणारी बाई. लग्नानंतर वीस वर्षं ह्यांच्या ताटातले तुकडे पळवत आलेली. तरी ह्यांचा विश्वास बसला. बायकोच्या पोटाची तक्रार नवरे फार तपासून बघत नाहीत.

खरेदी मात्र माझ्याकडेच राहिली, कारण ह्यांना ताजा पापलेट आणि परवाचा पापलेट यातला फरक ताटात पडेपर्यंत कळत नाही. मीरा रोडला आमच्या कोपऱ्यावर तारोडीहून एक मासळीवाली येते. मी खात नाही हे तिला महिन्याभरात कळलं. "खायाचं न्हाय तर येवढं उलटंपालटं कशाला करतेस गो?" असं म्हणायची आणि हातातली सुरमई काढून घ्यायची.

स्वयंपाकात खरी पंचाईत होती. कालवणाची चव घ्यायची नाही. मीठ, आंबट, तिखट सगळं अंदाजाने. वाढल्यावर मी विचारायची, "मीठ बरोबर आहे ना?" हे म्हणायचे, "आहे की." मी ओट्याकडे वळले, की मागून मिठाच्या बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज यायचा. पुढे पुढे हे ताट घेऊन बाल्कनीत जायला लागले. मी आत वरणभात जेवायची आणि हे बाहेर कालवण. मला वाटायचं, वाऱ्याला बसतायत.

भीती कधी सुरू झाली ते मला नेमकं सांगता येत नाही. ती पाहुण्यासारखी बेल वाजवून आली नाही. आधी गॅसचं बटण दोनदा बघायला लागले, मग चारदा. मग रिक्षात बसल्यावर उतरून पुन्हा चार मजले चढून कुलूप ओढून बघायला लागले. मी शाळेच्या वाचनालयात काम करते. तिथे एकदा कोणीतरी शब्दकोश खाली पाडला, तर माझी छाती अर्धा तास धडधडत राहिली. हातापायांना मुंग्या यायच्या. जीभ पोळल्यासारखी व्हायची, जिने मासा चाखलेला नव्हता तीच जीभ. झोप तर गेलीच.

या सगळ्या भीतीचा रोख एकाच माणसावर होता. हे ऑफिसात निघाले की पाऊण तासाने माझा मेसेज, पोचलात? दहा मिनिटांत निळ्या खुणा आल्या नाहीत तर फोन. उचलला नाही तर थेट ऑफिसच्या नंबरवर. तिथला शिपाई माझा आवाज ओळखायला लागला होता. मी काही विचारायच्या आत तो सांगायचा, "बाथरूमला गेलेत वहिनी. स्वतःच्या पायांनी गेलेत."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार होतं. धडधड म्हणजे वय. मुंग्या म्हणजे शिडीवर चढून पुस्तकं काढणं. जीभ म्हणजे उष्णता. आणि उरलेलं सगळं म्हणजे ॲसिडिटी, जिच्यासाठी मी सहा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेत होते, कोणाला न विचारता, जशी काही ती तुळशीचं पान होती. सोसायटीच्या बायका तेव्हा संध्याकाळी खाली बसून एकमेकींचे डी-थ्रीचे आकडे विचारायच्या. दहावीचे मार्क विचारावेत तसेच, फक्त इथे जिचे कमी तिचा मान मोठा. मला त्यांचं हसू यायचं. मी कधी तपासणी केली नव्हती.

हेही गंमत करायचे. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी करण्याचे उपाय पाठवले होते, ते ह्यांनी चहाच्या वेळी मला मोठ्याने वाचून दाखवले. सातवा उपाय होता, पतीशी वाद टाळा. मी फोन काढून घेऊन बघितला. उपाय सहाच होते.

मग ते पत्र आलं. हे अकरा वर्षं ज्या बढतीची वाट बघत होते ती निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना आली, आणि नेमणूक नाशिकला. होकार किंवा नकार पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवायचा होता. माझ्या नोकरीची अजून सहा वर्षं शिल्लक, मुलगा पुण्यात, म्हणजे ह्यांना एकट्याने तिकडे राहावं लागणार आणि मला एकटीने इथे. हे पत्राची घडी घालत म्हणाले, "नाही म्हणून कळवून टाकतो. नाशिकला थंडी फार असते." तेव्हा मे महिना चालू होता.

दोन दिवसांनी रद्दी आवरताना मला लाइटबिलाचं एक पाकीट सापडलं. त्याच्या मागच्या बाजूला ह्यांनी सही केली होती. एकदा नाही, सात-आठ वेळा, आणि प्रत्येक सहीखाली नवीन हुद्दा लिहिला होता, आधी बारीक अक्षरात, मग जरा ठळक, मग एकदा खाली रेघ ओढून. ह्या माणसाला जायचं होतं. आणि माझ्यामुळे तो जाणार नव्हता, हे त्याने मला कधीही बोलून दाखवलं नसतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना मी ठरवून तोंड उघडलं. "मी काय म्हणते, तुम्ही नाशिकला..." एवढंच झालं. हात बधिर झाले, छाती अशी उडायला लागली की मी लाटणं हातात घेऊन खाली फरशीवर बसले. ह्यांना वाटलं, आता हिला अटॅक आला. मलाही तेच वाटलं. जवळच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून गेलो आणि त्यांना क्षणभर कळेना, की पेशंट कोण.

बाई गुजराती, जैन, वयाने माझ्याएवढ्या. ईसीजी काढला, तो चांगला निघाला. मग त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. दोन दिवसांनी रिपोर्ट समोर घेऊन म्हणाल्या, "थायरॉइड फर्स्ट क्लास. शुगर ठीक. डी कम है, वो तो सबका कम है. पर ये बी-ट्वेल्व्ह देखो, दोनसो के ऊपर पाहिजे, तुमचा शंभर के आसपास है. आप लोग तो मच्छीवाले ना?"

"हे खातात. मी सोडलंय," मी म्हटलं.

"कब से?"

"चार वर्षं झाली."

"उसको वास सहन नहीं होता," हे मध्येच म्हणाले. ह्यांचं हिंदी असंच आहे.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घर में पकाता कौन है?"

"मीच."

"साफ कौन करता है?"

"मीच."

"वास नहीं आती तब?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "मन्नत है क्या?"

मला उत्तर द्यावंच लागलं नाही, डोळ्यांतून पाणी आलं. बाई हसल्या. "मेरे से क्या छुपाना. हमारे घर में तो हर आदमी कुछ ना कुछ छोड़ के बैठा है. मैं खुद इंजेक्शन लेती हूँ बी-ट्वेल्व्ह का. छोड़ना है तो छोड़ो, पर डॉक्टर को बोलो तो सही." मग मी सगळं सांगितलं, पॅसेजमधल्या खुर्चीपासून. ह्यांच्याकडे न बघता सांगितलं.

बाईंनी नीट समजावलं. हे जीवनसत्त्व नसांना लागतं, रक्ताला लागतं, मन थाऱ्यावर ठेवणारी रसायनं मेंदूत तयार होतात त्यालाही लागतं. ते जास्त करून मांस, मासे, अंडी, दूध यांत असतं, आणि मी दूध म्हणजे चहात घालायचा रंग समजते. वर ती रोजची ॲसिडिटीची गोळी, जी आलेलं थोडंसुद्धा अंगाला लागू देत नव्हती. घाबरल्यावर शरीर ॲड्रिनलिन सोडतं, कॉर्टिसॉल वाढवतं, ते सगळ्यांचंच होतं. पण शरीर आतून रिकामं असलं, की त्याला मग लवकर शांत होता येत नाही. झोप जाते, झोप गेली की ती हार्मोन आणखी चढतात. "सोसायटी का वॉचमन समझो. खाया नहीं, सोया नहीं, तो बिल्ली आई तो भी सीटी मारेगा." मी विचारलं, म्हणजे माझी भीती एवढ्याने जाईल ना? त्यावर त्या सरळ म्हणाल्या, "छाती ठोक के नहीं बोलूँगी. थोड़ा व्हिटॅमिन का होगा, थोड़ा आपका अपना. पहले टंकी भरते हैं, फिर देखते हैं क्या बचता है."

परतताना रिक्षात हे एक शब्द बोलले नाहीत. एरवी हे रिक्षावाल्याला त्याचं गाव, मुलं, गाडीचं ॲव्हरेज सगळं विचारतात. घरी येऊन चपला काढल्या, पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "मी बाल्कनीत का जेवायचो माहितीये तुला?"

"वाऱ्यासाठी."

"वारा? समोर बिल्डिंगचे पाइप आहेत. चार वर्षं त्या पाइपांकडे बघत जेवलो मी. तुला वास येतो म्हणालीस. मला वाटायचं, आजारपणात तुला माझं सगळं करावं लागलं, त्यानंतर तुला माझीच किळस यायला लागलीय, आणि तू नाव माशांचं सांगतेस."

मी भांडायच्या तयारीत होते. चार वर्षं ज्याच्यासाठी जिभेवर दगड ठेवला तो वरून मलाच बोलतोय, असं म्हणायचं ठरवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. ज्या माणसाला वाचवायला मी एवढं केलं, त्यालाच मी जेवताना एकटं बसवलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी त्यांची माफी मागितली. आमच्या लग्नात असे प्रसंग फार आलेले नाहीत.

इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. डी-थ्रीची पुडी दर रविवारी. ॲसिडिटीची गोळी बाईंनी बंद केली. तिसऱ्या आठवड्यात मुंग्या कमी झाल्या, जीभ शांत झाली आणि एका सकाळी मी गजर वाजल्यावर उठले, जे कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. कुलूप एकदाच ओढायला लागले. ह्यांच्या ऑफिसातल्या शिपायाने ह्यांना विचारलं म्हणे, वहिनी गावाला गेल्यात का.

पण एक भीती हलली नाही. नाशिक हा शब्द निघाला की मी उठून पुन्हा गॅसचं बटण बघायला जायची. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "चार साल आपने चौकीदारी की है, मन्नत की. आदत एक महीने में नहीं जाती. नहीं गई तो काउन्सेलर का नंबर देती हूँ, उसमें शरम नहीं." नंबर मी घेतला, तो आजही माझ्याकडे आहे आणि नंतर वापरलाही.

मला वाटलं होतं, इंजेक्शनवर भागतंय तर नवस तसाच चालू राहू दे. ह्यांनी ते मोडून काढलं. "तुझ्या ताटात मासा नाही म्हणून मी जिवंत आहे, असं तुला वाटतंय. मग मी पाणी प्यायला उठलो तरी तू घाबरणारच." आणि त्यांनी गावच्या गुरवाला फोन लावला, स्पीकरवर. गुरवाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वशाट सोड म्हणून देवानं सांगितलंन काय? न्हाय ना? तुमच्या बायकोन स्वतःहून दिल्यान. मग देवाला सांगून परत घ्या. गाऱ्हाणं घाला घरच्या घरी."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने आपलं म्हणणं मांडणं. एक जण बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा तसं म्हटलं की तो शब्द पाळावा लागतो. गावाला त्यासाठी पन्नास माणसं असतात. आमच्या मीरा रोडच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मी एकटी होते. नाशिकचं उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

ह्यांनी आंघोळ करून सोवळं म्हणून नवा टॉवेल गुंडाळला, देव्हाऱ्यापुढे पानाचा विडा ठेवला आणि नारळ हातात घेऊन खाकरले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"चार वर्सांमागं ह्या माझ्या बायकोन माझ्यासाठी वशाट सोडल्यान. तू तां मानून घेतलंस आणि मला घरी धाडलंस."

"व्हय म्हाराजा."

ह्यांना वडिलांकडून ऐकलेलं गाऱ्हाणं एवढंच येत होतं. पुढे तीस वर्षांचं ऑफिस आड आलं. "तरी सदर नवस आजपासून पूर्ण झाला असं समजण्यात यावं."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. हसू दाबावं लागलं.

"हिने औषधात खंड पाडू नये. आणि कालवणाची चव घेतल्याशिवाय ते मला वाढू नये. मी बरेच दिवस सोसलंय."

"व्हय म्हाराजा."

"त्या बदल्यात मी चहातली साखर सोडतो." देव यात चांगलाच फसतोय असं मला वाटलं, कारण साखर डॉक्टरांनी ह्यांना कधीच बंद केली होती. तरी मी व्हय म्हटलं.

"मी उद्या नाशिकचा होकार देतो."

माझा आवाज बारीक झाला, पण निघाला. "व्हय म्हाराजा."

"आणि तिकडे असताना मी कधी फोन उचलला नाही, तर मी कामात आहे असंच हिने समजावं. मी जिवंत आहे असं धरून चालावं."

इंजेक्शनं झाली होती, झोप येत होती, सगळं खरं, पण ह्या वाक्याला मला व्हय म्हणवेना. खाली सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. हे माझ्याकडे वळले नाहीत. देव्हाऱ्याकडेच बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "म्हाराजा, मी पण घाबरतो. छातीत गॅस धरला तरी घाम फुटतो मला. ही दिवसातून दहा वेळा फोन करते ना, मी शिपायासमोर वैतागल्यासारखं करतो, पण फोन आला की बरं वाटतं. चार वर्षांत हिला हे सांगितलं नाही, हिने आणखी घाबरू नये म्हणून. तर आता दोघांचंही तूच बघ. आम्हांला जमलं तेवढं आम्ही बघितलं."

नारळ दोन्ही हातांत धरून हे तसेच उभे राहिले, कारण मागून व्हय आल्याशिवाय तो फोडता येत नाही. मी पदराने डोळे पुसले, ह्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."